मागच्या सीटचा उन्हाळा

मे उजाडला की आमच्या हैदराबादेत दोन गोष्टींना एकदम बहर येतो. हातगाड्यांवर बेनिशान आंब्यांचे ढीग लागतात आणि पेपरांतून नव्या गाड्या चमकायला लागतात. यंदाही तसंच झालं. आपल्याच देशात बनलेली एक नवी डिकीवाली गाडी येणार म्हणून ऑफिसात सगळ्यांचे फोन तिच्या व्हिडिओंनी भरले. समोरच्या टेबलावरचा प्रवीण म्हणाला, "गाडी में दम नै मॅडम. स्टिअरिंग हल्कं आहे."

"चालवलीस?"

"नै."

"निदान पाहिलीस?"

"अजून आलीच कुठे? पढा ना!"

हे 'पढा ना', म्हणजे वाचलं ना, त्याने इतक्या विश्वासाने म्हटलं की मला हसू फुटलं. आणि त्या हसण्यामागोमाग तो एक उन्हाळा धावत आला, आंब्याच्या वासाचा, ओल्या रंगाच्या भिंतींचा, ढोलांचा. आमच्या राज्याचे दोन भाग झाले तो उन्हाळा.

त्या दिवसांत शहर नुसतं उकळत होतं. कोणी आनंदाने, कोणी काळजीने, पण स्वस्थ कोणी नव्हतं. आमच्या कोठी भागातल्या चौकात दर दोन दिवसांनी गुलाल उधळलेला दिसायचा. चहाच्या हॉटेलात अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची, "तुम किधर के? इधर के की उधर के?" आमच्यासारख्या मराठी माणसांची मोठी गंमत व्हायची. आम्ही ना इधरचे ना उधरचे, आणि चार पिढ्यांपासून इथलेच. माझे आजोबा निजामाच्या राज्यात कारकून म्हणून लागले आणि निवृत्त झाले ते दुसऱ्याच राज्यातून. बाबा त्या दुसऱ्या राज्याच्या कायदा खात्यात सेक्शन ऑफिसर होते. आता तिसरं राज्य येत होतं. घर तेच, नळ तोच, कोठीच्या मागची गल्ली तीच.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि शहरातल्या एका इंग्रजी दैनिकात गाड्यांचं पान लिहीत होते. दर शनिवारी अर्धं पान. मुलगी गाड्यांवर लिहिते याचं लोकांना नवल वाटायचं. मला मात्र नव्या गाडीचं दार उघडल्यावर जो वास येतो ना, रबराचा, प्लॅस्टिकचा, न वापरलेल्या कापडाचा, त्याची नशाच होती. गाडी घेऊन रिंगरोडला लागलं की वाटायचं, शहर मागे राहिलं, मी पुढे निघाले.

बाबांना माझ्या पानाचं कौतुक होतं, पण भरवसा नव्हता. ते आयुष्यभर कोर्टाचे कागद वाचत आलेले. म्हणायचे, "मंजू, नात्यातल्या माणसाची साक्ष कोर्टात जरा कमीच धरतात. तू लिही, मी वाचतो. पण निर्णय करताना मी बाहेरच्यांचंच बघणार."

निर्णय करायचा होता तो गाडीचा. आमच्या घरातली पहिली गाडी.

त्यामागे हौस थोडी आणि गरज जास्त होती. हिवाळ्यात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोल बसायचं नाही, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, धक्के नकोत. स्कूटर सुटली. रिक्षात चढताना त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. ओळखीच्यांच्या छोट्या गाड्या त्यांना विहिरीसारख्या वाटायच्या, आत उतरायचं आणि बाहेर येताना दोघांनी ओढायचं. चार महिने झाले, डॉक्टरांकडे जाण्यापुरतं सोडलं तर बाबा घराबाहेर पडले नव्हते. रोज सकाळी अफझलगंजच्या ग्रंथालयात जाऊन सहा पेपर वाचणारा माणूस खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. आई म्हणायची, "त्यांचा आवाजसुद्धा बारीक झालाय गं."

आणि मग ती गाडी आली. आपल्याच देशातल्या कंपनीची. त्या कंपनीच्या आधीच्या गाड्या शहरात टॅक्सी म्हणून धावायच्या, म्हणून लोक तिच्याकडे जरा नाक मुरडूनच बघत. मी बाबांना हट्टाने शोरूममध्ये नेलं. ते दाराशी थांबले. आधी काठी आईच्या हातात दिली, मग पाठ वळवून हळूच मागच्या सीटवर टेकले, आणि टेकलेच. खाली गेलेच नाहीत! सीट त्यांच्या मांडीइतक्या उंचीची होती. दार एवढं रुंद उघडत होतं की पाय एकामागून एक आरामात आत आले. बाबा लहान मुलासारखे ओरडले, "अगं, बसलो की!"

शोरूममधली सगळी माणसं वळून बघायला लागली. आईने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही. परत येताना टॅक्सीत बाबांनी दोनदा विचारलं, "मंजू, पांढरी घ्यायची की करडी?"

त्याच आठवड्यात परीक्षणं छापून यायला लागली.

बाबांनी एक फाइल केली. लाल फितीची, ऑफिसातल्यासारखी. डाव्या बाजूला गाडीच्या बाजूचं, उजव्या बाजूला विरुद्ध. चार इंग्रजी पेपर, एक तेलुगू, दोन मासिकं. शिसपेन्सिलीने ओळी ओढलेल्या, समासात प्रश्नचिन्हं. आठ दिवसांत उजवी बाजू जाड झाली आणि डावी तशीच राहिली. दिल्लीच्या एका नावाजलेल्या परीक्षकाने लिहिलं होतं की ही गाडी म्हणजे पावडर लावलेली टॅक्सी आहे. बस्स. एवढं एकच वाक्य. पण ते वाक्य वाऱ्यासारखं शहरभर झालं. सलूनमध्ये तेच, इराण्याच्या हॉटेलात तेच, माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये तेच. इतर परीक्षकांनीही तेच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं. गाडी अजून रस्त्यावर आली नव्हती, पण शहराचं मत ठरून गेलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर रावगारू, म्हणजे आपल्या भाषेत रावसाहेब, राहायचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. बाबांचे रोजचे वादातले भिडू. ते जिना उतरताना आमच्या खिडकीशी थांबले आणि म्हणाले, "देगलूरकरगारू, पढे क्या? पावडर लगाई सो टॅक्सी! लोगां हात दिखा के रोकेंगे तुमको, स्टेशन चलते क्या बोल के!"

बाबा हसले. पण संध्याकाळी त्यांनी फाइल बांधली, फितीची गाठ मारली आणि कपाटावर ठेवून दिली. "राहू दे. सगळेच कसे चुकतील? आता चाळीस वर्षं सरकारी नोकरीत काढून लोकांनी टॅक्सीवाला म्हणायचं म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. खिडकीशी जाऊन बसले.

मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली सांगू? माझ्या कॉम्प्युटरमध्ये माझं परीक्षण तयार होतं. कंपनीने आम्हा पत्रकारांना शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर बोलावलं होतं. रिंगरोडवर पाऊण तास गाडी चालवायला मिळाली, मग जेवण, मग भाषण. मी आळीपाळीने वेग, वळण, ब्रेक सगळं पाहिलं होतं आणि घरी येऊन झपाझप लिहून टाकलं होतं. त्या रात्रीनंतर मी ते उघडलंच नव्हतं. आता उघडलं तर तिसऱ्या परिच्छेदात माझ्याच हाताने लिहिलेलं, 'टॅक्सीची आठवण होते.' मला टॅक्सीची आठवण खरंच झाली होती का? मी डोळे मिटून तो पाऊण तास आठवला. नव्हती झाली. दिल्लीवाल्याचं वाक्य मी आदल्या दिवशी वाचलं होतं आणि ते कधी माझं झालं ते मलाच कळलं नव्हतं.

पान शनिवारी जायचं होतं. बुधवारी मी कंपनीच्या माणसाला फोन केला, "मला गाडी पुन्हा हवी. एक सकाळ. रिंगरोड नको, शहर हवंय." त्याला नवल वाटलं, पण त्याने गाडी पाठवली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी बाबांना म्हटलं, "चला."

"कुठे? फाइल बंद झाली ना?"

"बंद फाइल पुन्हा उघडता येते की नाही तुमच्या खात्यात?"

"येते," ते कुरकुरत म्हणाले. "नवा पुरावा असेल तर."

"मग पुराव्यालाच चाललोय."

ते मागे बसले, मांडीवर पेपर घेऊन. आई शेजारी. मी कोठीच्या गर्दीत गाडी घातली. ती सकाळ अजून माझ्या अंगावर येते! ऊन नुसतं चरचरत होतं. समोर बस, डावीकडे हातगाडी, उजवीकडे रिक्षा, मध्येच नव्या राज्याचे झेंडे लावलेल्या मोटरसायकलींची रांग पिपाण्या वाजवत गेली. मी क्लच दाबत होते, सोडत होते. जड क्लच होता, खोटं का बोलू? दहा मिनिटांत माझी डावी पोटरी भरून आली. थंड हवा पुढे छान लागत होती, मागे पोचायला वेळ घेत होती. हे सगळं मी मनात टिपत होते.

अफझलगंजकडे वळल्यावर रस्ता खोदलेला. मी दात आवळले. गाडी एका खड्ड्यात उतरली, वर आली, पुन्हा उतरली. मागून आवाज नाही. मला वाटलं, बाबा दुखणं गिळताहेत. आरशात पाहिलं.

बाबा पेपर वाचत होते.

चष्मा नाकावर, पेन्सिल कानावर, पेपर अर्ध्यात दुमडलेला, अगदी ग्रंथालयात बसल्यासारखे. खड्डे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते.

"बाबा, दुखतंय का?"

"काय? अं? नाही गं. थांब, अग्रलेख वाचतोय."

मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा रिक्षावाला दचकला. मग मी मुद्दामच गाडी बेगम बाजारात घातली. मिरच्यांची पोती उतरत होती, हवेत तिखट भरलेलं, हमाल ओरडत होते, "बाजू, बाजू!" आईला शिंका सुरू झाल्या आणि तिने धमकी दिली की आता मला परत न्या नाहीतर मी उतरून चालत जाते. तिथून फिरून आम्ही ग्रंथालयाच्या दाराशी आलो. मी उतरून मदतीला धावणार, तोवर मागचं दार उघडलं होतं. बाबांनी दोन्ही पाय बाहेर ठेवले, जमिनीवर नीट टेकवले आणि उभे राहिले. कोणाचाही हात न धरता.

दाराशी बसणारे खाजामियाँ, तिथले जुने शिपाई, टोपी सावरत उठले. "अरे साब! कित्ते दिनां के बाद! हम समझे आप बंबई चले गए क्या की!"

"कहीं नै गए, मियाँ," बाबा म्हणाले. चार महिन्यांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला. "इधरीच थे."

ते आत गेले. आम्ही दोघी गाडीशी उभ्या राहिलो. आई म्हणाली, "क्लच जड आहे का गं? तुझा पाय हलत होता." तिने मागून तेवढंसुद्धा पाहिलं होतं.

दुपारी मी ऑफिसात बसून जुना मजकूर पुसला आणि नव्याने लिहिलं. बोटं थांबत नव्हती. क्लच जड आहे, लिहिलं. मागे गारवा उशिरा पोचतो, लिहिलं. ज्यांना स्वतः चालवायची मजा हवी त्यांनी दुसरी गाडी बघावी, हेही लिहिलं. आणि मग लिहिलं की आपल्याकडे डिकीवाली गाडी घेणारं घर बहुतेक वेळा मागे बसणाऱ्यांसाठी ती घेतं, आणि मागे बसून पाहिलं तर तिथे ऑपरेशन झालेला माणूस खड्ड्यांच्या रस्त्यावर अग्रलेख वाचू शकतो.

आमचे संपादक श्रीनिवास सर कमी बोलायचे, आणि इथल्या मोठ्यांसारखं मलाही मायेने 'अम्मा' म्हणायचे. त्यांनी दोनदा वाचलं. "सगळ्यांनी उलटं लिहिलंय, अम्मा. ते इतके लोक चुकले आणि तू एकटी बरोबर?"

"चुकले नाहीत सर. ते सगळे पुढे बसले होते."

त्यांनी चष्मा काढला. "आणि हा मागे बसलेला माणूस कोण?"

"माझे वडील."

मला वाटलं, झालं, आता मजकूर गेला. ते म्हणाले, "मग तसं लिही. माझे वडील, असंच. लपवू नको. वाचणाऱ्याला ठरवू दे."

शनिवारी पान आलं. सकाळी सात वाजता बाबा खिडकीशी पेपर उघडून बसलेले, मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघतेय. पेन्सिल कानावरच होती. त्यांनी एकही ओळ ओढली नाही. पेपर गुडघ्यावर ठेवला आणि बाहेर बघत राहिले.  

तेवढ्यात जिन्यावरून रावगारू. हातात तोच पेपर. "वा देगलूरकरगारू, वा! बेटी ने पेपर में लिख के बाप को गाडी दिला दी! कौन मानेगा ये? घर की बच्ची घर के लिए लिखी."

मी पुढे होणार होते. बाबांनी हात वर केला आणि खुर्चीवरून उठले.

"रावगारू, नात्यातल्याची साक्ष कोर्टात कमी धरतात, बरोबर आहे. मीच सांगत आलोय तिला." ते मराठीतच बोलत होते. रावगारूंना मराठी समजायची, पण बाबा त्यांच्याशी कधी मराठीत बोलत नसत. "पण कमी धरण्याआधी कोर्ट एक गोष्ट विचारतं. साक्षीदार जागेवर होता का? ती जागेवर होती. क्लच जड आहे, तेही तिनेच लिहिलंय. तुमचा दिल्लीवाला माझ्या सीटवर बसला होता का?"

 बाबा आत वळले, कपाटावरून फाइल काढली, फीत सोडली आणि माझ्या पानाचं कात्रण कापायला कात्री मागितली. ते त्यांनी डाव्या बाजूला लावलं की उजव्या, ते मी अजून पाहिलेलं नाही. दुपारी फोन करून पांढरी गाडी बुक केली.

पुढचे आठवडे मी हवेत होते. सिकंदराबादहून एका आजींचं पत्र आलं, सिद्दीपेटहून एका मास्तरांचं. एकाने मला विकली गेलेली म्हटलं. दुसऱ्या एकाने गाडी घेतली आणि क्लच जड म्हणून माझ्या नावाने बोटं मोडली. त्याने फक्त मथळा वाचला होता. आणि एक दिवस इराण्याच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा माणूस दुसऱ्याला सांगत होता, "पीछे की सीट मस्त है बोलते उसकी, एकदम सोफा."

"बैठे क्या?"

"नै. बोलते ना."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आनंद झाला, अगदी गुदगुल्या व्हाव्यात तसा. आणि अंगावर काटाही आला. माझं वाक्य आता त्याचं झालं होतं, जसं दिल्लीवाल्याचं माझं झालं होतं. वाक्यांना कोणी विचारत नाही, तुम्ही बसून आलात का म्हणून. त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीबद्दल लिहिताना आधी मागे जाऊन बसते, मग पुढे. एवढा नेम मात्र आजवर मोडलेला नाही.

गाडीची आरटीओतली नोंदणी जूनपर्यंत थांबवायची, असं बाबांनी ठरवलं होतं. त्या वेळी निम्मं शहर असंच थांबलं होतं, नव्या राज्याची नवी अक्षरं नंबराच्या पाटीवर मिळावीत म्हणून. त्यांना राजकारणात रस नव्हता. "आजोबा एका राज्यातून दुसऱ्यात गेले तेव्हा त्यांच्यापाशी सायकल होती. तिला पाटीच नव्हती," एवढंच म्हणाले.

गाडी आली त्या सकाळी अख्खी गल्ली खाली. आईने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं ठेवली. रावगारू हात मागे बांधून लांबूनच बघत होते. इतक्यात जिन्याचा कठडा धरत, एक एक पायरी उतरत, त्यांच्या पत्नी सरोजम्मा खाली आल्या. दोन्ही गुडघे गेलेले. दोन वर्षांत मी त्यांना गच्चीशिवाय कुठे पाहिलं नव्हतं. गाडीपाशी येऊन त्यांनी मला विचारलं, "एक बार बैठ के देखूं क्या, मंजू?"

बाबांनी स्वतः दार उघडलं. त्या पाठमोऱ्या टेकल्या, पाय आत घेतले, सीटवरून हात फिरवला आणि समोर बघत बसून राहिल्या. उतरायचं नावच काढीनात.

रावगारू खिडकीशी वाकले आणि तेलुगूत काही सांगायला लागले, इंजिनाबद्दल, मायलेजबद्दल, दिल्लीच्या त्या परीक्षकाबद्दल. सरोजम्मांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर थाप मारली.

"मुंदु कूर्चोंडी," त्या म्हणाल्या. "तर्वात माट्लाडंडी." आधी बसा. मग बोला.

रावगारू बसले. बाबा पुढे माझ्या शेजारी. मी गाडी गल्लीतून काढून कोठीच्या चौकापर्यंत नेली.  चौकात परत फिरायला मी वेग कमी केला, तेव्हा रावगारूंनी घसा खाकरला.

"अम्मा," ते म्हणाले, "थोडा और आगे जा के पलटाव ना."